शफीमास्तरांची टकटक

शफीमास्तरांना कुणी विचारलं, "मास्तर, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम कुठला?" तर ते पानाला चुना लावता लावता सांगायचे, "मी एका चोराचा तीन महिने माग काढला. सगळ्या गल्लीला कामाला लावलं. चार पानी पुरावा गोळा केला, सरकारदरबारी धाडला. आणि शेवटी तो चोर आमच्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसलेला सापडला. माझाच पायजमा घालून बसला होता, नालायक!"

ऐकणारे हसायचे. मास्तरही हसायचे, पण त्यांचं हसू जरा उशिरा यायचं.

मास्तर नाशिक रोड स्टेशनात तारेवर होते. राहायला भद्रकालीच्या एका गल्लीत. सकाळची पाळी आटोपून सायकल हाणत चारच्या सुमाराला घरी यायचे, चहा घ्यायचे आणि माडीवरच्या खोलीत शिरायचे. दिवसभर सरकारी तारा कडकट्ट करून ज्याचं मनगट दुखत नाही, त्याला घरी येऊन पुन्हा तेच करायची हौस का असावी, हे त्यांच्या बायकोला, नूरबानोला, लग्नाला सोळा वर्षं झाली तरी उमगलं नव्हतं. पण ही तार बिनतारी होती. गच्चीवर बांबूला ताणलेली तांब्याची एरियल, खाली सागवानी पेटीत बसवलेलं यंत्र, कानाला हेडफोन, बोटाखाली किल्ली. किल्ली दाबायची, आखूड-लांब ठोके पाठवायचे, आणि कैरोत, लंडनात, नैरोबीत आपल्यासारखाच कुणी रिकामटेकडा बसलेला असेल तर तो उत्तर द्यायचा. असा सरकारी परवाना असलेले हौशी लोक एकोणीसशे सदतीस-अडतीस साली सगळ्या हिंदुस्थानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोघे या आमच्या भागात. एक शफीमास्तर, आणि दुसरे देवळाली कॅम्पातले वाल्मीकराव.

वाल्मीकराव हे मास्तरांचं दुखणं होतं. माणूस कधी समोरासमोर पाहिलेला नाही, पण नाव निघालं की मास्तरांच्या कपाळाला आठी. कारण वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, या हौशी लोकांची मोठी स्पर्धा असायची. शनिवारी दुपारी बारा ते रविवारी संध्याकाळी सहा, जो जास्तीत जास्त परदेशी स्टेशनांशी बोलेल तो आपल्या देशात पहिला. मागच्या साली हिंदुस्थानात पहिले आले वाल्मीकराव. मास्तर दुसरे. अकरा स्टेशनांनी मागे.

"आणि त्याचं यंत्र कशात बसवलंय ठाऊक आहे?" मास्तर स्टेशनातल्या लोकांना सांगायचे. "घासलेटच्या डब्यात! फौजेतून सुटलेला माणूस, कॅम्पात बॅटऱ्या आणि ग्रामोफोन दुरुस्त करतो. डबड्यातून दुसरं काय निघणार?" मास्तरांच्या पेटीला तीन हात पॉलिश होतं. त्या पॉलिशनं एक स्टेशनही जास्त मिळालं नव्हतं, पण ते कोण बोलणार?

स्पर्धेसाठी मास्तरांनी एक युक्ती काढली होती. दोन स्टेशनं बोलली की एकमेकांना सांगायचं, तुझा आवाज किती साफ येतो. त्याचे एक ते नऊ गुण. आता स्पर्धेच्या घाईत कोण चिकित्सा करतो? सगळे सगळ्यांना नऊ देतात. लग्नघरी जेवण कसं झालं म्हणून विचारलं तर आपण जे सांगतो, तसंच. म्हणून मास्तर आदल्या दिवशीच वहीतला तो रकाना नऊ-नऊ-नऊ लिहून भरून ठेवायचे. समोरचा गुण सांगू लागला की मास्तर ते ऐकत बसायचे नाहीत, तेवढ्यात पुढचं स्टेशन शोधायचे, आणि त्याचं संपलं की ठरलेलं वाक्य ठोकून द्यायचे, 'आभारी आहे, आपलाही आवाज उत्तम.' पुढे पुढे स्पर्धा नसतानाही तीच सवय लागली. वही पाहून त्यांची छाती फुगायची. वर्षभरात एकसुद्धा आठ नाही! स्वतःच लिहिलेले गुण वाचून स्वतःच खूश होणारा माणूस त्यांनी आरशातच पाहिला असेल.

आता चोराकडे वळू. सदतीसच्या दिवाळीत समोरच्या कारभारी सोनारांनी रेडिओ आणला. गल्लीतला पहिलाच. संध्याकाळी सव्वापाचला लावायचा आणि सातला झाकण घालायचं, असा त्यांचा नेम. अर्धी गल्ली त्यांच्या ओट्यावर. आत कारभारींची बायको चंद्रभागा आणि तिच्या शेजारी आमची नूरबानो. आणि गाणं रंगात आलं की मधेच टक. टक-टक. टऽऽक. गाणारणीचा आवाज उचकी लागल्यासारखा तुटायचा.

गल्लीत बिनतारी विद्येचा जाणकार एकच. कारभारी मास्तरांकडे आले. "मास्तर, हे काय पाप म्हणायचं? नवा रेडिओ, आणि आत कुणी कुऱ्हाड घालतंय."

"मी स्वतः येऊन ऐकतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मास्तर ओट्यावर येऊन बसले. मान तिरपी, डोळे मिटलेले. गाणं कसं? धुतल्या तांदळासारखं. तास झाला, एक टक नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत, टकटक सुरू. चौथ्या दिवशी आले, बंद. गल्लीला कौतुक वाटलं. "बघा, मास्तर आले की चोराची दातखीळ बसते!" मास्तरांनाही तसंच वाटलं. नव्हे, त्यांना थोडा अभिमानच वाटला.

नूरबानोनं तव्यावर भाकरी टाकता टाकता एवढंच म्हटलं, "अजी, एक बोलू? तुम्ही खाली असता तेव्हा गाणं साफ असतं. तुम्ही वर असता तेव्हा टकटक असते."

झालं! मास्तरांनी लाटणं हातात घेतलं, परातीत पाणी घेतलं, आणि तिला लहरी म्हणजे काय, त्यांची लांबी म्हणजे काय, आपलं यंत्र कुठल्या लांबीवर चालतं आणि मुंबई रेडिओ कुठल्या, हे अर्धा तास समजावलं. "तेव्हा माझ्यामुळे होणं शक्यच नाही," त्यांनी समारोप केला.

"बरं," नूरबानो म्हणाली. भाकरी करपली होती.

मग उरलं कोण? घासलेटचा डबा! मास्तरांनी तपास हाती घेतला. कारभारींना वही दिली आणि सांगितलं, टकटक सुरू झाली की वेळ लिहायची, थांबली की लिहायची. सोनाराची नजर आणि सोनाराचा हात, कारभारींनी मिनिट चुकवलं नाही. महिनाभरानं मास्तरांनी त्या वेळा सुवाच्य अक्षरात उतरवून, देवळाली कॅम्पातल्या स्टेशनामुळे नागरिकांना कसा उपद्रव होतो आहे, याचा चार पानी इंग्रजी अर्ज परवाने देणाऱ्या खात्याकडे पाठवला. आपण त्या वेळांना कुठं होतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही. तपास करणाऱ्यानं स्वतःची झडती कशाला घ्यायची?

जानेवारीच्या शेवटी खात्याचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत देवळालीच्या स्टेशनानं काही पाठवू नये, फक्त ऐकावं, असा हुकूम गेला होता. मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा नूरबानोला वाचून दाखवलं. स्पर्धेला तीन आठवडे होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कारभारी पुन्हा वही घेऊन आले. तोंड पडलेलं. "मास्तर, टकटक काही थांबली नाही हो. उलट वाढली. तुम्ही म्हणाला होता ना, पुरावा जितका बारीक तितका बरा? म्हणून या खेपेला मी नुसती वेळ नाही लिहिली. आवाज कसा येतो तेही मांडलंय. गाणं क्षणभर तुटलं तर टिंब, जरा लांब तुटलं तर रेघ. बघा काही कळतं का."

मास्तरांनी पान पाहिलं. तीन टिंबं, एक रेघ. पुढे टिंब, टिंब, रेघ. पुढे आणखी. वीस वर्षं तारेवर काढलेल्या माणसाला ते वाचावं लागत नाही, आपोआप दिसतं. पानभर त्यांच्या स्वतःच्या स्टेशनाचं नाव होतं. ओळीमागून ओळ, पुन्हा पुन्हा. शेवटी तर 'आभारी आहे, आपलाही आवाज उत्तम' हेसुद्धा होतं, आणि ते कारभारींनी बिचाऱ्यांनी एकही टिंब न चुकता उतरवलं होतं.

"कळलं का काही?" कारभारींनी विचारलं.

"बघतो," मास्तर म्हणाले.

आता कुणालाही वाटेल, असा माणूस तडक उठला असेल आणि खात्याला तार केली असेल. छे! मास्तर स्वतःच सांगायचे, "मी रात्रभर इमान आणि स्पर्धा यांचा हिशेब घातला, आणि स्पर्धा जिंकली." कळवलं तर वाल्मीकरावांचं स्टेशन उघडेल, पण आपलं बंद करावं लागेल, तेही उद्याच. सोमवारी कळवलं तर? दोनच दिवसांचा प्रश्न. हुकूम खात्याचा आहे, आपण थोडाच काढलाय? सोमवार हा फार चांगला वार आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. गल्लीला त्यांनी सांगितलं, शनिवार-रविवार आकाशात गडबड आहे, रेडिओ लावू नका.

शनिवारी दुपारी बाराला मास्तर किल्लीवर बसले. दीड वाजेपर्यंत चौदा स्टेशनं झाली. कधी नव्हे ती सुरुवात. देवळालीची अडचण नाही, मैदान मोकळं. चारच्या सुमाराला मोंबासाचं स्टेशन कानावर आलं. आफ्रिका म्हणजे भरपूर गुण! मास्तरांनी हाक मारायला बोट उचललं आणि थांबले. मोंबासा दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारत होता. हाक मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची. तो वाल्मीकरावांना बोलावत होता.

हा मोंबासावाला म्हणजे सोमा. मूळचा मनमाडचा, आता तिकडच्या रेल्वेत तारेवर. मास्तरांनी त्याला वाल्मीकरावांशी रोमन अक्षरांत मराठी बोलताना अनेकदा ऐकलं होतं. आज तो अर्धा तास हाका मारत होता. स्पर्धेतला अर्धा तास! तेवढ्या वेळात त्याची पाच स्टेशनं झाली असती.

शेवटी मास्तरांनी त्याला हाक दिली. सोमानं ना गुण दिले ना स्पर्धेचा नंबर. त्यानं सरळ विचारलं, 'नाशिक, तुम्ही जवळ आहात. वाल्मीक कुठं आहे? दर शनिवारी बोलतो आम्ही. तीन आठवडे झाले, गप्प आहे. इथल्या जर्मनांच्या लढाईत त्याचा पाय गेला तेव्हा मीच खांद्यावर घालून आणला होता. जिवंत आहे का तेवढं सांगा.'

मास्तरांनी किल्लीवर बोट ठेवलं. काय सांगायचं? सोमवारी सांगतो? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शरमेनं घाम फुटला. त्यांनी पाठवलं, 'जिवंत आहे. स्टेशन बंद आहे. तक्रार मी केली. दोष माझ्या यंत्राचा आहे, त्याचा नाही. चूक माझी.' आणि हे हळू, एकेक अक्षर सुटं करून पाठवलं, म्हणजे कुणालाही नीट घेता यावं. मग वीज बंद करून खाली आले आणि नूरबानोला म्हणाले, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

"कुठलं?" नूरबानोनं विचारलं. "मी पुष्कळ म्हणत असते."

रविवारी सकाळी मास्तर देवळालीच्या मोटारीत बसले. वाल्मीकरावांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. कुबडी भिंतीला टेकवून ते एका ग्रामोफोनची कळ काढत बसले होते. पन्नाशीचा, रुंद चेहऱ्याचा माणूस. मागे फळीवर तो घासलेटचा डबा.

"मी शफी," मास्तर म्हणाले. "नाशिकचा."

"या मास्तर, बसा," वाल्मीकराव म्हणाले. "काल ऐकलं मी. पाठवायला बंदी हाय, ऐकायला नाय. चूक माझी, चूक माझी... साऱ्या दुनियेत गेलं असंल ते. तुमची टकटक लय लांब जाते."

मास्तर खाली बसले. मग म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं? माझं यंत्र असं करतं हे?"

"दोन साल झाली. तुम्ही किल्ली दाबली का माझ्या कानात खिळे ठोकल्यागत होतं. मागल्या स्पर्धेत अर्धा येळ मी कान सोडूनच बसलो होतो."

"मग मला सांगायचं नाही का हो एकदा तरी?"

वाल्मीकरावांनी कळ खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "तीनदा सांगितलं, मास्तर. मागल्या स्पर्धेत एकदा, आखाडात एकदा, दिवाळीच्या तोंडाला एकदा. टकटक फार येते, किल्लीला तारेची गुंडाळी लावा, मी बनवून देतो, असं शब्दान् शब्द पाठवलं. दर बारीला तुमचं उत्तर आलं, आभारी आहे, आपलाही आवाज उत्तम."

मास्तर सांगायचे, त्या वेळी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. माणूस तीनदा दार ठोठावतो, आणि आपण आतून 'छान, छान' म्हणतो! आणि वर त्याच्याच नावानं चार पानं लिहितो.

"खात्याला का नाही कळवलंत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"त्यांनी तुमचं बंद केलं असतं," वाल्मीकराव म्हणाले. "मला एक पाय हाय. कुठं जाता येत नाय. त्या डब्यातूनच मी हिंडतो. दुसऱ्याचं हिंडणं कसं बंद करायचं?"

मास्तरांनी तिथंच कागद मागून घेतला आणि खात्याला पत्र लिहिलं. मागची तक्रार खोटी ठरली आहे, उपद्रव माझ्याच स्टेशनाचा आहे, देवळालीचं स्टेशन ताबडतोब सुरू करावं, माझं बंद केलं तर माझी हरकत नाही. चार पानांचं पाप सहा ओळींत फिटलं, पण पत्र पोचायला दोन दिवस, हुकूम यायला पंधरा. आणि स्पर्धा संध्याकाळी सहाला संपत होती. सोमा तिकडे वाट पाहत असणार.

"चला माझ्याकडे," मास्तर एकदम म्हणाले. "तुमच्याजवळ परवाना आहे, माझ्याजवळ यंत्र आहे. गुंडाळी तुम्ही लावा, आणि सोमाशी तुम्ही बोला."

वाल्मीकरावांनी ग्रामोफोन बाजूला सारला. मग कुबडी ओढली, एका थैलीत तार, पकड आणि एक कंडेन्सर टाकला, आणि दुकानाची फळी लावली.

भद्रकालीत दोघे पोचले तेव्हा तीन वाजले होते. जिना चढायला वाल्मीकरावांनी कुणाचा हात घेतला नाही. त्यांनी सागवानी पेटी उघडली, आत डोकावले, म्हणाले, "पॉलिश झ्याक हाय," आणि कामाला लागले. किल्लीच्या तारेत एक गुंडाळी, किल्लीवर कंडेन्सर. म्हणजे वीज एकदम धक्का देऊन सुरू होत नाही, एकदम तुटत नाही, हळू चढते आणि हळू उतरते. सगळं मिळून पाऊण तास. दोन वर्षं कॅम्पात आणि दिवाळीपासून गल्लीत जो उच्छाद मांडला होता, त्याला पाऊण तास!

मास्तरांनी नूरबानोला समोर पाठवलं आणि कारभारींना रेडिओ लावायला सांगितलं. मग किल्ली दाबून धरली, सोडली, पुन्हा दाबली. ओट्यावरून कारभारी ओरडले, "मास्तर, करा ना सुरू! आम्ही ऐकतोय!"

"सुरूच आहे!" मास्तर खिडकीतून ओरडले.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. गाणं तेवढं चाललेलं. नूरबानोनं वर पाहिलं आणि पदराआड हसली. चोर कोण ते तिला कधीच कळलं होतं, आज गल्लीला कळलं. मास्तरांनी खिडकीतूनच हात जोडले. "चोर मीच होतो, कारभारी. माफ करा." कारभारींनी गाण्याचा आवाज जरा वाढवला.

साडेचारला वाल्मीकराव खुर्चीत बसले. मास्तर बाजूच्या स्टुलावर. दुसऱ्या हाकेला मोंबासा आला. मग स्पर्धा राहिली बाजूला. वाल्मीकरावांचं बोट चालू लागलं आणि थांबेचना. बायकोचा दमा, कॅम्पातला बाजार, सोमाच्या थोरल्या मुलीचं लग्न. इतर स्टेशनं मधे मधे नंबर मागायची, आणि हे दोघे त्यांना दाद देत नव्हते. मास्तरांनी या खेपेला वही बंद करून मांडीवर ठेवली होती. ते नुसते ऐकत होते. किती तरी वर्षांनी.

मधेच सोमानं विचारलं, 'स्टेशनाचं नाव नाशिकचं, बोट तुझं. कुठून बोलतोस?'

वाल्मीकरावांनी मास्तरांकडे बघितलं, आणि पाठवलं, 'शफीमास्तरांच्या घरून. माणूस चांगला आहे. ऐकायला शिकतोय.'

मास्तरांना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी वाल्मीकरावांचा हात हळूच बाजूला केला, किल्लीवर स्वतःचं बोट ठेवलं, आणि पुढे एकच शब्द जोडला, 'सावकाश.'